उपाशी मरायला वेळ लागतो, त्याला जगणं म्हणू नका

"आता समुद्र कुठंही उभा करता येतो. मिठाचं पोतं मागवा, आरओचं पाणी घ्या, पंप लावा. शनिशिंगणापुरातसुद्धा खाऱ्या पाण्याची टाकी चालते. टाकी चालली की बिनधास्त तारामासा आणा. त्याला काही करावं लागत नाही. शेवाळ खातो, टाकी साफ ठेवतो, कुणाशी भांडत नाही."

हे बोलणं हौशी मंडळींत इतकं रुळलं आहे की त्याला कुणी हटकत नाही. दुकानदार ते गिऱ्हाइकाला ऐकवतो, आणि गिऱ्हाईक वर्षभरात तेच दुसऱ्याला ऐकवायला लागतं. यातली पहिली तीन वाक्यं बरीचशी खरी आहेत. मी स्वतः नेवासे तालुक्यातला, घरी खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणारा माणूस आहे. त्यामुळे या छंदालाच नावं ठेवायला मी बसलेलो नाही. माझा विरोध उरलेल्या वाक्यांना आहे. ती साफ खोटी आहेत, आणि त्या खोट्याची किंमत माणूस मोजत नाही, प्राणी मोजतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. घरगुती टाकीत बहुतेक तारामासे जगत नाहीत. ते महिनोन्महिने उपाशी राहून मरतात, आणि त्या उपासाच्या काळाला आपण "टाकीत रमला" असं म्हणतो.

आधी पाण्याचं बघू, कारण प्रतिपक्षाची सगळ्यात भक्कम बाजू तीच आहे. समुद्राचं पाणी घरी बनवता येतं, हे मान्य. एक लिटर पाण्याला साधारण ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे २०० लिटरच्या टाकीला सात किलो मिश्रण. हे स्वयंपाकाचं मीठ नव्हे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम असं सगळं योग्य प्रमाणात असलेलं मिश्रण बाजारात मिळतं. आमच्याकडं मुळा धरणाच्या कालव्याखालचा ऊसपट्टा आहे. इथलं बोअरचं पाणी जड, आणि शेतातल्या खतांचा नायट्रेट त्यात उतरलेला असतो. तेव्हा आरओ लावणं भागच. तेही मान्य. एवढं केलं की मासे राहतात, काही प्रवाळही राहतात. समुद्रापासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरहून दूर, भर दुष्काळी मुलखात हे जमतं, याचं मलाही कौतुक आहे.

पण माशाला जे पाणी चालतं ते तारामाशाला चालेलच असं समजणं, ही या वादातली पहिली चूक. माशाला मूत्रपिंड असतं, कल्ले असतात. बाहेरच्या पाण्यात क्षार थोडे वाढले-घटले तरी तो शरीरातलं प्रमाण सांभाळून घेतो. तारामाशाकडं ही यंत्रणाच नाही. त्याला मूत्रपिंड नाही, रक्ताभिसरणाची आपल्यासारखी सोय नाही. पाठीवर एका बाजूला चाळणीसारखी बारीक चकती असते. तिच्याशी जोडलेल्या नळ्यांच्या जाळ्यात जवळजवळ समुद्राचंच पाणी खेळत असतं, आणि त्या पाण्याच्या दाबावर त्याचे शेकडो पाय चालतात. टाकीतली क्षारता बदलली की ती थेट त्याच्या अंगात बदलते. म्हणूनच गोड्या पाण्यात राहणारी तारामाशाची एकही जात जगात नाही. सुमारे १९०० जाती, आणि सगळ्या खाऱ्या पाण्यातल्या.

आता हे गणित शिंगणापूरच्या उन्हाळ्यात मांडून बघा. पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी ठणठणीत. पाणी तापू नये म्हणून टाकीवर पंखा लावलेला. अशा २०० लिटरच्या टाकीतून दिवसाला पाच लिटर पाणी उडणं काही नवल नाही. पाणी उडतं, मीठ मागं राहतं. घरचे तीन दिवस लग्नाला गेले की पंधरा लिटर गेले, आणि ३५ची क्षारता ३८च्या घरात पोचली. परत आल्यावर घाईघाईनं पंधरा लिटर आरओचं पाणी एकदम ओतलं, की ती तासाभरात पुन्हा ३५. मासा हे दोन्ही धक्के बहुधा पचवतो. तारामाशाच्या पेशी आधी आक्रसतात आणि मग एकाएकी फुगतात. त्यातून वीज गेली तर पंप थांबतो. खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच गोड्या पाण्यापेक्षा सुमारे पाचव्या हिश्शानं कमी विरघळतो, आणि तापलेल्या पाण्यात आणखी कमी. इन्व्हर्टर, चिलर, उडालेलं पाणी थेंबाथेंबानं भरून काढणारं यंत्र, हे सगळं असेल तर हा प्रश्न सुटतो. पण "काही करावं लागत नाही" या वाक्यात यातलं काय बसतं?

तरीही पाण्याचा प्रश्न पैशानं आणि शिस्तीनं सुटतो असं मी धरून चालतो. पैशानं न सुटणारा प्रश्न भुकेचा आहे.

"शेवाळ खातो" असं ज्याच्याबद्दल सांगतात तो तारामासा नेमका कोणता, हे आधी विचारा. आपल्याकडं टाकीत येणारे तारामासे ढोबळमानानं चार प्रकारचे. एक, गडद निळा लिंकिया. दोन, लाल-केशरी, लहानसा फ्रोमिया. तीन, पाठीवर तपकिरी बोंडं असलेला, ज्याला व्यापारात चॉकलेट चिप म्हणतात तो. चार, वाळूत घुसून बसणारा ॲस्ट्रोपेक्टेन, जो 'वाळू साफ करणारा' म्हणून विकतात. या चौघांचं जेवण वेगवेगळं आहे आणि काचेवरचं हिरवं शेवाळ हे चौघांपैकी एकाचंही पुरेसं जेवण नाही.

लिंकिया पोट बाहेर काढून खातो. खडकावर ठाण मांडून तो पोटाचा पातळ पापुद्रा तोंडातून बाहेर पसरतो, आणि खडकावरचा सूक्ष्म जिवांचा थर जागच्या जागी पचवतो. प्रवाळाच्या भिंतीवर हा थर अखंड मिळतो, कारण तिथं ऊन, लाटा आणि खडकाचा न संपणारा विस्तार असतो. दिवाणखान्यातल्या टाकीत दहा-वीस किलो खडक. त्यावरचा थर तो थोड्याच काळात खरवडून संपवतो, आणि तो पुन्हा भरून यायच्या वेगापेक्षा त्याची भूक मोठी असते. कोळंबीचा तुकडा पुढं केला तर बहुतेक लिंकिया त्याच्यावरून चालत निघून जातात. तुम्ही खाऊ घालायला तयार असलात तरी तुम्ही देऊ शकता ते तो खात नाही. फ्रोमियाचीही गोष्ट तीच, फक्त तो लहान असल्यानं त्याला जरा कमी खडक पुरतो.

ॲस्ट्रोपेक्टेनची फसवणूक तर आणखी मोठी. 'वाळू साफ करतो' म्हणून तो विकला जातो. प्रत्यक्षात तो शिकारी आहे. वाळूतल्या बारीक गोगलगाई, शिंपले, कवचधारी किडे तो अख्खे गिळतो. टाकीच्या तळातली वाळू जिवंत राहते ती याच जिवांमुळं. ते संपले की वाळू मेली, आणि मागोमाग तोही. या जातीचा भाऊबंद आपल्या किनाऱ्यावर आहे. मुंबईत जुहूला, गिरगावला ओहोटीच्या ओल्या वाळूत ॲस्ट्रोपेक्टेन सापडतो. खडकावर चिकटणाऱ्या तारामाशांच्या पायांना चूषक असतात. याचे पाय मात्र टोकदार, वाळू खणायला घडवलेले. फिरायला गेलेली माणसं तो बाटलीत घालून घरी आणतात. खणायला मैलोगणती वाळू लागणाऱ्या प्राण्याला दोन इंच वाळूच्या ट्रेमध्ये सोडणं म्हणजे त्याला उपासाला बसवणं आहे.

यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर असं: "माझ्याकडं तर आठ महिने जगला की!"

या आठ महिन्यांचंच मला वाईट वाटतं. तारामाशाच्या प्रत्येक हातात पाचक ग्रंथींची एकेक जोडी असते. ती अन्न पचवते तशी साठाही करते. खायला मिळेनासं झालं की तो आधी हा साठा वापरतो. मग प्रजननाच्या ग्रंथी आटतात. मग अंगाची भिंतच पातळ होत जाते. गाय उपाशी राहिली तर बरगड्या दिसतात, हंबरते, दावणीला हिसके देते. तारामाशाला बरगड्या नाहीत, आवाज नाही, चेहरा नाही. तो तसाच काचेवर बसलेला, तसाच निळा. घरचे म्हणतात, मस्त आहे. आठव्या महिन्यात एके दिवशी एका हातावर पांढुरका डाग दिसतो, दोन दिवसांत तिथलं कातडं विरघळतं, हात गळून पडतो, आणि आठवड्यात सगळा संपतो. मग दुकानदार सांगतो, "पाण्यात काहीतरी बिघडलं असणार, दादा. दुसरा घेऊन जा." पाण्यात त्या दिवशी काही बिघडलेलं नसतं. जे बिघडायचं ते तो टाकीत आला त्या आठवड्यापासून बिघडत आलेलं असतं.

घोडेगावच्या बाजूला एका ओळखीच्या घरी असा एक निळा लिंकिया मी जवळून पाहिला. मालक म्हणाले, सहा महिने झाले, एकदम फिट आहे. मी काचेला डोळा लावून खालून बघितलं. धडधाकट लिंकियाचे हात भरीव, गोल, रबरी नळीसारखे टणक असतात. याचे हात वरून चपटे झाले होते, आणि मधोमध लांब पन्हळ पडली होती. हाताच्या खाचेतले पाय निम्मे आत ओढलेले, उरलेले काचेला धरून, पण सैल. दोन हातांची टोकं वळून सुरकुतली होती. मी विचारलं, आणला तेव्हा याचा फोटो आहे का? होता. तो फोटो टाकीशेजारी धरल्यावर मालक गप्प झाले. त्यांनी त्याच्यावर प्रेमच केलं होतं. रोज बघत होते. पण रोज बघणाऱ्याला रोजचं आटणं दिसत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की 'किती दिवस टिकला' हा प्रश्नच चुकीचा माना. विचारा, वाढला का? मध्यापासून सगळ्यात लांब हाताच्या टोकापर्यंतचं अंतर महिन्यातून एकदा मोजा, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. पाण्यातल्या पाण्यात हळूच उलटा करा. बरा प्राणी हात वळवून काही मिनिटांत सुलटा होतो, खंगलेला तसाच पडून राहतो. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या काही जाती वीस वर्षांहून अधिक जगतात. अशा प्राण्यांचे आठ महिने विजय म्हणून मिरवायचे? वाढ नाही तर ते पालन नाही.

दुसरं उत्तर विज्ञानाचा आधार घेऊन येतं: "त्याला मेंदूच नाही. शिवाय हात तुटला तरी नवा उगवतो."

मेंदू नाही, हे खरं. पण तोंडाभोवती मज्जातंतूंचं कडं आहे, प्रत्येक हातात एक मज्जारज्जू आहे, आणि हाताच्या टोकाला उजेड ओळखणारा तांबूस ठिपका आहे. तो अन्नाच्या वासाकडं वळतो, प्रकाशापासून सरकतो, उलटा पडला की धडपडून सुलटा होतो. त्याला आपल्यासारखी वेदना होते असा दावा मला करायचा नाही, आणि माझ्या युक्तिवादाला त्याची गरजही नाही. भूक भागवायची जबाबदारी कुणाची, एवढाच प्रश्न आहे. जो प्राणी समुद्रात स्वतः चरत होता त्याला आपण काचेत कोंडला. आता त्याचं चरणं आपल्या गळ्यात पडलं. मेंदू असो वा नसो, ही जबाबदारी त्यानं हलकी होत नाही. आणि हात उगवण्याबद्दल: उगवतो, काही लिंकिया तर एका तुटलेल्या हातापासून अख्खा नवा प्राणी घडवतात. पण नवा हात हवेतून येत नाही. तो अन्नातून येतो. ज्याला जुने पाच हात पोसता येत नाहीत तो सहावा कशातून घडवणार? समुद्रातल्या ताकदीचा दाखला टाकीतल्या उपासमारीला लावणं, हा बेइमान युक्तिवाद आहे.

तिसरं उत्तर: "समुद्रात लाखो पडलेत, एखाद्यानं काय फरक पडतो?"

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मकाह उपसागराच्या खडकाळ किनाऱ्यावर रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञानं १९६३ पासून एक प्रयोग केला. खडकाच्या एका पट्ट्यावरचे सगळे तारामासे तो नेमानं उचलून समुद्रात दूर फेकत राहिला. तारामासा शिंपल्यांवर जगतो. तो गेला तसे शिंपले माजले, आणि त्यांनी जागा व्यापून बाकीच्यांना हुसकलं. त्या पट्ट्यावर आधी पंधरा जाती होत्या, त्या आठांवर आल्या. एकाच प्राण्याच्या जाण्यानं अख्खी वस्ती कोसळते, हे या प्रयोगानं दाखवलं. २०१३ नंतर त्याच पॅसिफिक किनाऱ्यावर तारामाशांचं अंग विरघळवणारी साथ आली. सूर्यफुलासारख्या अनेक हातांच्या एका मोठ्या जातीचे ९० टक्क्यांहून अधिक प्राणी त्यात गेले. ती जात समुद्री साळिंदर खात असे. खाणारं कुणी उरलं नाही, साळिंदरं बेसुमार झाली, आणि त्यांनी उत्तर कॅलिफोर्नियातली केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाची पाण्याखालची जंगलं फस्त केली. साथीमागचा जिवाणू शास्त्रज्ञांना सापडायला २०२५ साल उजाडलं. 'लाखो आहेत' हे वाक्य त्या किनाऱ्यावरही २०१३ च्या आधी कुणीही म्हटलं असतं.

इथं समोरचा म्हणेल, मग मासेही ठेवू नका. नाही, हे एकच माप नाही. क्लाऊनफिशची पैदास बंदिस्त जागेत होते; केंद्रीय समुद्री मत्स्यसंशोधन संस्थेनं त्याचं तंत्र आपल्या देशात बसवलं आहे. तो टाकीत जन्मतो, टाकीत खातो, टाकीत अंडी घालतो. लिंकियाचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर कित्येक आठवडे समुद्रात तरंगत वाहतं, सूक्ष्म शेवाळ खात दोन वेगळी रूपं घेतं, आणि मग कुठं खडकाला चिकटून पाच हातांचं होतं. ही पैदास व्यापारी पातळीवर होत नाही. बाजारात येणारा प्रत्येक लिंकिया समुद्रातून उपटून आणलेला असतो. आणि तुमच्या टाकीपर्यंत जो पोचला त्याच्या मागं पिशवीतल्या क्षारतेच्या धक्क्यानं, वाटेतल्या उष्म्यानं मेलेले किती, हे बिलावर लिहिलेलं नसतं.

"कायद्यानं बंदी नाही" असंही एक जण हमखास म्हणतो. कायद्याची यादी ही सगळ्यात उशिरा हलणारी गोष्ट आहे. तारामाशाची जवळची नातलग असलेली समुद्री काकडी २००१ साली वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आली. प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रपंखे हेही त्याच वर्षी. तोवर यातलं सगळं राजरोस विकलं जात होतं, आणि समुद्रपंखा तर आजही 'इंद्रजाल' म्हणून, नजर लागू नये म्हणून भिंतीवर टांगायला चोरून विकला जातो. यादीत नाव येईपर्यंत लुटायची मुभा आहे, असा कायद्याचा अर्थ लावणाऱ्याला कायदाही कळलेला नाही.

आता सगळ्यात कोवळं उत्तर: "दुकानात तसाही मरणारच आहे, निदान मी घरी आणून बघतो." हे दयेतून येतं म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं. दुकानातली रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही. तुम्ही एक सोडवलात, त्याच्या जागी पुढच्या खेपेला दोन मागवले जातात. दुकानदाराला कळणारी भाषा एकच: माल पडून राहिला. तो पडून राहिला तरच पुढची मागणी थांबेल. त्या एका प्राण्याचे हाल बघवत नाहीत, हे मला समजतं. पण त्याला विकत घेणं म्हणजे त्याच्या मागच्यांना आमंत्रण आहे.

मग कुणीच काही ठेवू नये का? तसं मी म्हणत नाही, कारण ते खरं नाही. ब्रिटल स्टार, म्हणजे सापासारखे लवचीक हात असलेले तारामाशाचे चुलतभाऊ, रात्री बाहेर येऊन उरलंसुरलं खातात आणि जुन्या टाकीत वर्षानुवर्षं नीट राहतात. नखाएवढे ॲस्टेरिना तर खडकासोबत न बोलावता येतात आणि स्वतःहून वाढतात. चॉकलेट चिपही राहू शकतो, पण प्रवाळ नसलेल्या टाकीत, कारण तो प्रवाळ खातो. आणि आठवड्यातून दोन-तीनदा तिसऱ्यांचा किंवा कोळंबीचा तुकडा थेट त्याच्या तोंडाखाली ठेवणारा माणूस घरात हवा. टाकी निदान वर्षभर जुनी, चारशे लिटरच्या आसपास, आणि क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर हवा, अंदाज नको. माशांच्या रोगावर म्हणून टाकीत कधी तांब्याचं औषध घातलेलं असेल तर तिथं कोणताच तारामासा नको. तांबं त्याला विष आहे. आणताना पिशवीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी नळीतून थेंबाथेंबानं तीन-चार तास एक करावं, आणि पाण्यातून पाण्यातच सोडावा. ज्याच्याकडं आज लिंकिया आहे त्यानं तो मरायची वाट बघू नये. जवळपास कुणाची मोठी, जुनी, खडकानं भरलेली टाकी असेल तर तिथं पोचवावा.

"पण मुलांना समुद्र बघायला मिळतो" असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, मुलांना समुद्राकडं न्या. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७ पासून ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर लोकांना हिंडवतात, आणि वाळूतला तारामासा न उचलता दाखवतात. रत्नागिरीला कोकण कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे. नगरहून ही एक सहल आहे. वाळूत बुडून दिसेनासा होणारा तारामासा ज्या मुलानं एकदा पाहिला त्याला तो प्राणी कळला. काचेवर महिनोन्महिने आटत बसलेला बघून मूल शिकतं ते एवढंच की जिवंत गोष्ट शोभेला ठेवता येते.

शनिशिंगणापुरात घरांना दारं नसण्याची रीत आहे. युको बँकेनंसुद्धा २०११ साली तिथं कुलूप नसलेली शाखा उघडली. या रीतीमागची श्रद्धा कुणाला पटो वा न पटो, तिच्यातला नियम सगळ्यांना कळतो: उघडं आहे म्हणून ते उचलायचं नसतं. आमच्या परिसरातली माणसं हा नियम अभिमानानं पाहुण्यांना सांगतात. मग समुद्रालाही दार नाही. तिथून उचलून आणलेल्या जिवाबद्दल हाच नियम का लागू होऊ नये, याचं उत्तर तारामासा विकत घेणाऱ्यानं स्वतःला द्यावं.

दुकानदारांकडून माझ्या मागण्या साध्या आहेत. विकायचा असेल तर 'तारामासा' एवढंच न सांगता जातीचं नाव लिहा. तो काय खातो ते लिहा, आणि तो तुमच्या डोळ्यांदेखत खातो हे गिऱ्हाइकाला दाखवा. दुकानात आल्याला किती दिवस झाले ते सांगा. लिंकिया, फ्रोमिया आणि ॲस्ट्रोपेक्टेन मागवणं बंद करा. नव्या टाकीवाल्याला तर ते कुठल्याच अटीवर देऊ नका. आणि घेणाऱ्यांनो, "काही करावं लागत नाही" हे वाक्य कानावर पडलं की खिशात घातलेला हात रिकामाच बाहेर काढा. ज्या जिवाचं काही करावं लागत नाही असा जीव नसतो. ते वाक्य म्हणणाऱ्यानं एवढंच ठरवलेलं असतं की त्याचं काही करायचं नाही.